दुरुस्तीच्या दोन तारखा

बाजारात त्याला सगळे काटेसाहेब म्हणत. आडनाव काटे नव्हतं. पण दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे, खोटा निघाला तर जप्त करायचा, खरा निघाला तर शिशाचं सील ठोकून त्यावर तारीख उमटवायची, ही नोकरी सत्तावीस वर्षं केल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की पहिला दुकानदार दुसऱ्याला खूण करी, दुसरा तिसऱ्याला, आणि तो पोचेपर्यंत अख्खी गल्ली हरिश्चंद्राची होऊन बसलेली असे. कुणी खुर्ची पुढे करी, कुणी चहा मागवू का म्हणून विचारी, आणि सगळ्यांच्या मनात एकच, ही ब्याद टळते कधी. 'बरं झालं तुम्ही आलात' असं त्याला सत्तावीस वर्षांत एकाही माणसाने म्हटलं नव्हतं.

घरी म्हणणारं कुणी नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खुर्ची बसायची आणि एक कपडे टाकायची. लग्न राहून गेलं होतं. आधी बहिणीचं व्हायचं होतं, मग आई आजारी पडली, मग वडील, आणि मग विचारणारंच कुणी उरलं नाही. वडिलांची अर्धांगवायूने वाचा गेली, तेव्हा याने पुस्तकं आणून, चुकत माकत शिकून, एक प्रोग्राम लिहिला. टॅबलेटच्या पडद्यावर चौकोन: पाणी, खिडकी, दुखतंय, पुरे, ये, जा. चौकोनाला बोट लावलं की यंत्र तो शब्द बोले. नाव ठेवलं बोलपाटी. वडील तिच्यावर दोन वर्षं बोलले आणि गेले. पाटी राहिली. ती त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिली, आतल्या सगळ्या ओळींसकट. कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. पाटीच्या पानावर तक्रार लिहायला एक जागा होती. तिथली तक्रारही जगाला दिसे आणि त्याने दिलेलं उत्तरही.

दर रविवारी ताईचा फोन येई आणि दर रविवारी ती तेच विचारी.

"अजून ते फुकटचं काम चालूच आहे का रे तुझं?"

"लोकांना उपयोग होतो, ताई."

"लष्कराच्या भाकऱ्या भाजतोयस नुसत्या! त्या लोकांना तुझं नाव तरी माहीत आहे का?"

"नाव कशाला लागतं?"

मागून भावोजींचा आवाज येई, "करू दे गं त्याला, पत्ते तर खेळत नाही ना!" आणि फोन हसण्यावारी संपे. फोन संपला की खोली आणखी गप्प होई. मग तो उगाच रेडिओ लावी.

फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, तुम्ही हे का करता. उत्तर तयार असतं. एक म्हणेल, हात चालता राहतो. दुसरा म्हणेल, विद्या कुलपात ठेवू नये. तिसरा म्हणेल, उद्या चांगल्या नोकरीला उपयोगी पडतं. यातलं कुणीही खोटं बोलत नाही. फक्त प्रत्येक जण थोडं हातचं राखून बोलतो. काटेसाहेबाने हातचं राखलेलं कारण असं होतं, की त्या पानावर कधीमधी कुणीतरी लिहायचं, 'जरा बघता का?' आणि मग त्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं. त्याची वाट बघणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

पण हा पडला काटेकोर. आलेली तक्रार अशी मिटवायचा की ती पुन्हा डोकं वर काढू नये. व्हायचं तेच झालं. चार हजारांवर माणसं बोलपाटी वापरत होती, कुणाचंच काही बिघडत नव्हतं, आणि ज्याचं बिघडत नाही तो कशाला लिहील? नळाला पाणी येतंय म्हणून नळ बसवणाऱ्याला कुणी पत्र धाडल्याचं ऐकलंय का? शेवटची तक्रार येऊन अकरा महिने झाले होते. चौकोनांचा रंग जरा फिका करता येईल का, एवढीच होती ती. तरी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत तो पान उघडून बघे आणि बंद करी.

महिन्याच्या चार तारखेला सकाळी पानावर काहीतरी होतं. लिहिणारीने स्वतःचं नाव 'सुईदोरा' असं ठेवलं होतं.

'नमस्कार. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. यातलं मला कळत नाही, चुकीच्या जागी लिहीत असेन तर माफ करा. माझ्या दादाचं घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. दवाखान्यातल्या बाईंनी तुमची बोलपाटी घालून दिली. ती पहिला शब्द बोलते आणि पुढचे गिळते. दादा चाळीस वर्षं बाजारात लिलाव पुकारायचा. सावकाश कशाला म्हणतात हे त्याला माहीत नाही. जरा बघता का?'

चहा उतू गेला. गॅस बंद करायचं भान त्याला नव्हतं, कारण पत्र वाचून संपायच्या आत त्याला दोष सापडला होता. वडिलांचा हात थरथरायचा. चौकोनाला बोट एकदा लावायला जावं तर तीनदा लागायचं, पाटी 'पाणी पाणी पाणी' म्हणायची आणि वडील ओशाळे व्हायचे. म्हणून त्याने एक ओळ घातली होती: एक चौकोन दाबला की पाटीने दीड सेकंद बहिरं व्हायचं. त्या ओळीनंतर वडिलांनी पहिल्यांदा 'पाणी' एकदाच म्हटलं होतं, आणि दोघं हसले होते. आता लिलाव पुकारणारा माणूस दीड सेकंदात तीन शब्द मारणार. पाटी पहिला बोलून बहिरी, बाकीचे गेले.

उपाय सोपा होता. बहिरेपणा किती वेळाचा, हे ज्याने त्याने आपल्या हाताप्रमाणे ठरवावं. दहा मिनिटांत त्याने ते लिहिलं, स्वतः भराभर चौकोन दाबून पाहिलं, आणि रिवाजाप्रमाणे दुरुस्ती नोंद करून बाजूला ठेवली. मूळ प्रोग्रामला जोडून सगळ्यांसाठी सोडायची, एवढंच राहिलं होतं. एक बटण.

बोट बटणावर ठेवलंही होतं. मग त्याच्या मनात आलं, हे दाबलं की ती 'आभारी आहे' लिहील आणि जाईल. पुढे पुन्हा अकरा महिने, कदाचित जास्त. चहा उकळायचा, पान उघडायचं, बंद करायचं. त्याने बोट उचललं आणि उत्तर लिहिलं: 'टॅबलेट कोणत्या बनावटीचा आहे, कळवाल का?' खात्री केलेली बरी, असं तो स्वतःला म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

तो कचेरीत पोचायच्या आत उत्तर आलं होतं. बाईने टॅबलेट पालथा करून मागे छापलेलं सगळं उतरवून काढलं होतं. बनावट, क्रमांक, वजन, आणि 'पाण्यात टाकू नये' हेसुद्धा. खाली लिहिलं होतं: 'तुम्ही लगेच विचारलंत, धीर आला. दवाखान्यात फोन उचलत नाहीत.' त्याने ते जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं, आणि कचेरीतून निघताना आणखी एकदा.

मग रोजचंच झालं. एक दिवस त्याने विचारलं, कोणते शब्द जास्त गिळले जातात? दुसऱ्या दिवशी, सकाळी जास्त होतं की संध्याकाळी? तिसऱ्या दिवशी, दादा कोणत्या बोटाने दाबतात? यातल्या एकाही उत्तराची त्याला गरज नव्हती. ती मात्र दुकानातून सुटली की इमानेइतबारे सगळं लिहून काढी, आणि पत्रं हळूहळू लांबत गेली. तिचं दुकान तळघरात होतं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत, आणि पायांवरून गिऱ्हाईक ओळखायला ती शिकली होती. पँट कमरेत सैल करायला आणणारा एकही माणूस 'मी जाड झालो' म्हणत नाही, 'धुतल्यावर आटली' म्हणतो. दादाचा आवाज पूर्वी तीन गल्ल्यांपलीकडे जाई; आता काही हवं असलं तर तो टाळी वाजवतो. खिडकीत बसतो, आणि मालाची गाडी चुकीच्या वळणाला लागली की काचेवर थापा मारतो. दोघंच राहतात. वहिनी गेली त्याला सहा वर्षं झाली.

तोही लिही. टॅबलेट उन्हात ठेवू नका. पडदा कोरड्या फडक्याने पुसा. असलं काहीबाही, ज्याचा दुरुस्तीशी काडीचा संबंध नव्हता. पण लिहिताना तो दाढी करून, नीट शर्ट घालून बसे. बाजारात एका दुकानदाराला त्याने स्वतःहून विनोद सांगितला, आणि तो माणूस इतका घाबरला की हसावं की परवाना काढून दाखवावा हे त्याला कळेना. एका काट्यात चार ग्रॅमचा फरक निघाला. दुकानदार म्हणाला, "साहेब, चार ग्रॅमने काय होतंय!"

"ते काट्याच्या पलीकडे जो पैसे मोजत उभा असतो त्याला विचारा," काटेसाहेब म्हणाला, आणि काटा जप्त केला.

त्या रविवारी ताईचा फोन आला, तर तो म्हणाला, "कामात आहे गं, मग करतो." ताई बिचारी कितीतरी वेळ फोनकडे बघत बसली असेल.

दोनदा बाईने विचारलं, व्हायला अजून किती दिवस लागतील? दोन्ही वेळा त्याने उत्तर दिलं, 'जरा गुंतागुंतीचं आहे. शोध चालू आहे.' शोध! दुरुस्ती उशाशी घेऊन झोपत होता आणि म्हणे शोध चालू आहे. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. रोज तो ठरवी, आजचं उत्तर आलं की उद्या सोडू. आणि उत्तर इतकं चांगलं येई की उद्या परवावर जाई.

बावीस तारखेच्या संध्याकाळी पत्र आलं. या खेपेला दुकानाचं काही नव्हतं.

'रविवारी दादाचे बाजारातले तीन मित्र भेटायला आले. ते येणार म्हणून दादा दोन दिवस तयारी करत होता. एकच माल त्याने एकदा दोघा सख्ख्या भावांना विकला होता, तो किस्सा त्याला सांगायचा होता. सगळे शब्द माझ्याकडून चौकोनांत घालून घेतले. पण माणसं समोर बसल्यावर तो सावकाश राहीना, नेहमीसारखा भराभर सांगायला लागला. पाटी एक शब्द बोलली आणि गप्प झाली. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तोच शब्द. ते तिघं भले आहेत हो, त्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग एक जण उगाचच हसला, म्हणून बाकीचे हसले. मग त्यांनी चपला घातल्या. ते गेल्यावर दादाने पाटी कपाटात पांघरुणांखाली नेऊन ठेवली. तीन दिवस झाले, तो भिंतीकडे तोंड करून आहे. टाळीसुद्धा वाजवत नाही. तुम्ही खटपट करताय हे मी त्याला सांगते. तुमचा काही दोष नाही. कोण कुठले आम्ही, आणि आमच्यासाठी तुम्ही एवढं करताय, तेच खूप आहे.'

तो नुकताच कचेरीतून आला होता, पायांत बूट तसेच होते. उभ्या उभ्याच त्याने दुरुस्ती मूळ प्रोग्रामला जोडली आणि सोडली. दोन मिनिटंही लागली नाहीत. 'दुरुस्ती झाली आहे. कृपया आजच घालून घ्या,' एवढंच त्याने लिहिलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तो धान्याच्या गोदामात होता. वजनाच्या पेटीवर बसून त्याने ते वाचलं.

'दवाखान्यातल्या बाईंनी दुरुस्ती घालून दिली. मी स्वतः भराभर दाबून बघितलं, सगळे शब्द येतात. फार आभारी आहे. दादाने अजून हात लावलेला नाही, पाटी पुन्हा पांघरुणांखालीच गेली आहे, बघू. एक विचारायचं होतं. बाईंनी दुरुस्तीची नोंद उघडली तेव्हा तिच्यावर दोन तारखा दिसल्या. लिहिली चारला, जोडली बावीसला. आमच्या दुकानात कपड्याला चिठ्ठी टाचतात, तिच्यावरही दोन तारखा असतात: काम कधी झालं, आणि गिऱ्हाइकाला कधी दिलं. तुमच्याकडेही तसंच असतं का?'

त्याच्या पायाखालची वाळू सरकली. या तारखा यंत्र आपणहून टाकतं. लिहिल्याची तारीख दुरुस्तीला चिकटते ती कायमची, पुढे ती कधीही आणि कुठेही जोडा. नवशिक्यांना हे त्यानेच कितीदा समजावून सांगितलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यांवर तारखा ठोकल्या आणि स्वतःच्या खोट्यावर स्वतःच्याच हाताने तारीख घालून बसला. हमालांनी विचारलं, साहेब, बरं नाही का? तो काही नाही म्हणाला आणि घरी आला.

सबबी काय, हव्या तितक्या होत्या. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं होतं, असं सांगता आलं असतं. शिंपीणबाई विश्वास ठेवतील. त्याहून चांगली दुसरी होती: ती ओळ वडिलांच्या थरथरत्या हातासाठी लिहिली होती, तिला हात लावायचं जिवावर आलं. हे तर निव्वळ खोटंही नव्हतं. त्याने ते लिहून काढलं. वडिलांचं बोट, 'पाणी', ते हसणं, सगळं आलं. वाचून त्याच्याच डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. मेलेल्या बापाला साक्षीला उभा करत होता तो. त्याने सगळं पुसलं आणि लिहिलं:

'हो, तसंच असतं. काम चार तारखेलाच झालं होतं, दहा मिनिटांत. मी ते दिलं नाही. दिलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतं. दुसरं काही कारण नाही. दादांचे हे दिवस माझ्यामुळे गेले. क्षमा मागायला मला तोंड नाही.'

ते पान जगाला दिसणारं. पाठवलं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कुणा परक्यानेच, बहुधा असलंच फुकट काम करणाऱ्याने, खाली लिहिलं: 'हे फार वाईट केलंत.' त्याने त्याला 'हो' असं उत्तर दिलं. सकाळी चहा ठेवायचा, पान उघडायचं, काही नाही, बंद करायचं. आता पूर्वीसारखंच होतं, म्हणजे पूर्वीपेक्षा वाईट होतं. पूर्वी पान रिकामं असे तेव्हा तिकडे कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. आता माहीत होतं: तळघरातलं दुकान, पायांवरून ओळखता येणारी गिऱ्हाइकं, आणि एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. तो बाजारात काटे तपासत असे आणि दुकानदार काही बोलले तर त्याला ऐकू येत नसे. बोलपाटी दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवून मोकळं व्हावं, असंही त्याने दोनदा मनात आणलं. पण सोपवतानाही कुणाला तरी काहीतरी लिहावं लागणार होतं.

दहाव्या दिवशी सकाळी पत्र आलं.

'दादाने पाटी बाहेर काढली. मी काही म्हटलं नव्हतं. पांघरुणं उन्हात घालायला कपाट उघडलं होतं, तेवढ्यात त्याने आपणहून काढली. आता उठल्यापासून बोलतोय. शेजारी भिंत ठोकतात. ते तिघं परत आले, त्यांना तो किस्सा त्याने दोनदा ऐकवला. तारखांचं मी त्याला सांगितलं. चिडला. पाटीत शिव्यांचे चौकोन नव्हते, ते माझ्याकडून घालून घेतले आणि सगळेच्या सगळे तुमच्यावर वापरले. मग बराच वेळ खिडकीत बसला, आणि म्हणाला, त्याला विचार, तुझ्या घरी कोण कोण आहे. मी म्हटलं, मी विचारणार नाही. मला अजून राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही. तो भिंतीकडे तोंड करून होता तेव्हा मला वाटलं होतं, दादा संपला. तुम्हाला मी काय काय लिहीत होते, त्याचीही मला लाज वाटते. पण मी दुकानातून आले की तो रोज विचारतो, लिहिलंस का. म्हणून लिहिते आहे. तुमच्या घरी कोण कोण आहे?'

तो स्वयंपाकघरात उभा होता. आधी त्याने लिहिलं, एक बहीण आहे, भावोजी आहेत. मग पुसलं, ते त्यांच्या घरी होते. आई-वडील होते, असं लिहिलं, तेही पुसलं. तिने दुसरं काही विचारलं नव्हतं, आणि हा प्रश्न त्याला आजवर कुणी सरळ विचारला नव्हता. त्याने लिहिलं, 'कुणी नाही,' आणि लगेच पाठवून दिलं.